एरंडाचं विष पेशीत शिरतं कसं?

एरंडेल म्हटलं की आजीच्या हातातला चमचा आठवतो ना? तेल निरुपद्रवी, पण ते काढल्यावर चोथ्यात उरतं रायसिन, एक जहाल प्रथिन. आजची गोष्ट त्याचीच.

साल १८८८. दोर्पात, म्हणजे आजच्या एस्टोनियातलं तार्तू. हर्मन श्टिलमार्कने एरंडाचा अर्क रक्तात मिसळला आणि तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. १८९१ मध्ये पॉल एर्लिखने उंदरांना रायसिन आधी अगदी थोडं, मग वाढवत वाढवत दिलं. ते उंदीर जीवघेणा डोसही पचवू लागले. पण तेच उंदीर गुंजेच्या विषापुढे टिकत नव्हते! शरीर प्रत्येक विष वेगळं ओळखतं, हे त्यातून कळलं.

पण पेशी चिकटतात का? १९३६ मध्ये समनर आणि हॉवेल यांनी अबईच्या कुळातल्या जॅक बीनचं प्रथिन घेतलं. त्यात ऊसाची साखर घातली की चिकटणं थांबायचं. म्हणजे हे प्रथिन पेशीवरच्या साखरेलाच धरत होतं. १९५४ मध्ये अशा प्रथिनांना 'लेक्टिन' नाव मिळालं, लॅटिनमधल्या 'निवडणे' या क्रियापदावरून.

पुढचा शोध लागला काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर. माकडाच्या मूत्रपिंडाच्या अस्तरातून १९६२ मध्ये जपानमध्ये तयार झालेल्या 'व्हेरो' पेशी त्यात खूप कामी आल्या. रायसिनचे दोन भाग. एक पेशीवरच्या गॅलॅक्टोज साखरेला धरतो. मग पेशी स्वतःच त्याला पिशवीत गुंडाळून आत घेते. बरंचसं विष तिथे नष्ट होतं किंवा परत बाहेर जातं. थोडंसंच गॉल्जीमार्गे उलटं, प्रथिनं घडवणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचतं. तिथे दुसरा भाग सुटा होतो आणि बिघडलेला माल फेकायच्या दारातून पेशीद्रवात निसटतो. मी कोड लिहिणारा माणूस, मला हे फार ओळखीचं वाटतं: कुलूप फोडलंच नाही, सिस्टिमच्याच सोयी वापरल्या! बाहेर पडल्यावर तो रायबोसोम निकामी करतो. प्रथिनं बनणं बंद, पेशी खलास.

१९७८ मध्ये लंडनमध्ये बल्गेरियन लेखक गेओर्गी मार्कोव्ह यांच्या पायात एक बारीकशी गोळी घुसवली गेली. चार दिवसांत ते गेले. आत रायसिनच असावं, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष. या विषावर दीर्घकाळ मान्यताप्राप्त उतारा नव्हता. म्हणूनच बशीतल्या पेशींवर हा रस्ता पावलापावलाने शोधणं महत्त्वाचं. विषाला अडवायचं, तर ते कुठून जातं हे आधी माहीत हवं.