आग्वादचा तुरुंग आणि उज्जैनचे राजाभाऊ

आपल्या उज्जैनच्या मराठी मंडळींपैकी बहुतेक कुटुंबे एकदा तरी गोव्याला जाऊन आलेली असतात. मंगेशी, शांतादुर्गा, दोन दिवस समुद्र आणि परतताना काजूच्या पिशव्या, असा तो ठरलेला कार्यक्रम. गेल्या डिसेंबरात आम्ही चार घरे मिळून गेलो, तेव्हा त्यात दोन ठिकाणे मुद्दाम घातली. एक पेडणे तालुक्यातील पत्रादेवी आणि दुसरे आग्वादचा तुरुंग. कारण आपल्या गावचेच होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या, त्यात प्राण गेलेल्यांमध्ये उज्जैनचे राजाभाऊ महाकाल होते.

त्यांचे मूळ नाव नारायण. ते संघाचे प्रचारक होते. त्या वेळी आजचा मध्यप्रदेश झालेला नव्हता, उज्जैन मध्यभारत राज्यात होते. इकडच्या सत्याग्रहींना घेऊन राजाभाऊ गोव्याच्या सीमेवर गेले. सागरच्या सहोदराबाई राय याच सत्याग्रहात गोळी लागून जखमी झाल्या. पंजाबचे कर्नैलसिंग तेथेच गेले. त्या एका दिवसात वीसहून अधिक निःशस्त्र माणसे मारली गेली. समाजवादी, जनसंघवाले, कम्युनिस्ट असे सगळ्या रंगांचे लोक तेव्हा एका वाटेने चालले होते. आजच्या मुलांना हे सांगितले तर ती आपल्याकडे संशयाने बघतात! पत्रादेवीला महामार्गालगत हुतात्मा स्मारक आहे. गाड्या भरधाव निघून जातात, थांबणारे थोडे.

आग्वादला आम्ही गाईड केले. साठीचे गृहस्थ, मराठी बोलत, पण कोकणीच्या हेलाने. प्रवासी वरच्या किल्ल्यावर जातात, दीपस्तंभापुढे फोटो काढतात आणि परततात, ही त्यांची पहिली तक्रार. किल्ला १६१२ चा. खालच्या अंगाला, अगदी पाण्याला लागून, तुरुंग आहे. तो २०१५ पर्यंत चालू होता. नंतर डागडुजी होऊन डिसेंबर २०२१ मध्ये तो संग्रहालय म्हणून खुला झाला.

कोठड्यांपुढे उभे राहून गाईडनी आधी सालाझार समजावून सांगितला. हिटलर आणि मुसोलिनी सर्वांना ठाऊक असतात. हा मात्र अर्थशास्त्राचा प्राध्यापक, कमी बोलणारा, १९३२ ते १९६८ पोर्तुगालचा पंतप्रधान. महायुद्धात तो तटस्थ राहिला, म्हणून इतर हुकूमशहा गेले तरी हा टिकला. गोव्यात सभेला बंदी, वर्तमानपत्राला सेन्सॉर, इतकेच काय, लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा आधी मंजूर करून घ्यावी लागे. आम्ही सरकारी नोकरीतली माणसे, शिक्के आणि मंजुऱ्या यांत आयुष्य जाते, पण लग्नपत्रिकेची फाइल ऐकून आम्हीही गप्प झालो.

डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावला बंदी मोडून सभा घेतली. पुढे त्यांनाही आग्वादला ठेवले होते. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला. शिक्षा आठ वर्षे आणि रवानगी पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात. १९५५ मध्ये पकडलेले नानासाहेब गोरे आणि मधु लिमये याच आग्वादमध्ये होते. लिमयांना शिक्षा झाली ती बारा वर्षांची. न्यायाधीश होते, निकालपत्र होते, सही-शिक्का होता. न्याय तेवढा नव्हता. ही मंडळी १९५७ मध्ये सुटली.

आमच्यातल्या एका काकूंनी मग सरळ विचारले, “ज्यांनी मारहाण केली, छळ केला, त्यांचे पुढे काय झाले? त्यांच्यावर खटले चालले की नाही?”

गाईड म्हणाले, “काकू, सगळे कोठड्या बघतात. हे कोणी विचारत नाही.”

जर्मनीच्या पराभवानंतर न्यूरेम्बर्गला न्यायालय बसले. गोव्यासाठी तसे काही बसले नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा शरण आले. पकडलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत मायदेशी परतले. सालाझारने गव्हर्नरला लढता लढता मरण्याचा हुकूम दिला होता. त्यांनी तो पाळला नाही, म्हणून त्यांनाच सैन्यातून काढून टाकले. सांगलीचे मोहन रानडे मात्र लिस्बनजवळच्या काशियशच्या तुरुंगातच राहिले. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात शिरलेला हा क्रांतिकारक, शिक्षा सव्वीस वर्षांची. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती उभी केली, खटपटी केल्या, तेव्हा जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षे झाली होती. युद्धकैदी पाच महिन्यांत घरी आणि स्वातंत्र्यसैनिक सात वर्षे परक्या कोठडीत, हा हिशेब आम्हाला अजून पटत नाही.

आणि मोंतेरो? कासिमिरो मोंतेरो हा गोव्याच्या पोलिसांतला सर्वांत क्रूर माणूस. त्याच्या छळाच्या कथा जुने गोवेकर अजून सांगतात. तो येथून निसटला आणि सालाझारच्या गुप्त पोलिसांत रुजू झाला. १९६५ मध्ये सालाझारचे विरोधक जनरल देल्गादो यांचा स्पेनच्या सीमेवर खून झाला, त्या टोळीत तो होता. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली, खटला उभा राहिला आणि १९८१ मध्ये मोंतेरोला शिक्षाही झाली, पण गैरहजेरीत. तो दक्षिण आफ्रिकेत राहिला आणि तेथेच मेला. शिक्षा झाली ती एका पोर्तुगीज जनरलच्या खुनाबद्दल. गोव्यात ज्यांना त्याने तुडवले, त्यांच्याबद्दल नव्हे.

कुन्हांना जेथे डांबले होते त्या पेनिशच्या किल्ल्यात २०२४ मध्ये पोर्तुगालने स्वतःच राष्ट्रीय संग्रहालय उघडले. हे गाईडनी सांगितले, आणि काकूंनी त्यांच्याकडून नाव वहीत लिहून घेतले.

गोव्याला जाणाऱ्यांसाठी सांगतो, आग्वादला गाडीवाला आपण होऊन वरच्या किल्ल्यावर नेतो. ‘जुना तुरुंग’ असे स्पष्ट सांगावे आणि दोन तास हाताशी ठेवावेत. पत्रादेवीला सावंतवाडीकडून येताना थांबणे सोयीचे पडते. फुले बांद्यातच घ्यावीत.