आधार कार्डावर जन्मतारीख असते, मग ते वयाचा पुरावा का नाही?

तुमच्याकडे अलीकडे काढलेलं आधार कार्ड असेल तर ते एकदा नीट वाचा. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा किंवा जन्मतारखेचा नाही, अशा अर्थाची ओळ त्यावर छापलेली सापडेल. आणि त्याच कार्डावर तुमची जन्मतारीखही असते!

हा गोंधळ समजून घ्यायचा तर दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. समोरचा माणूस तोच आहे का, हा एक प्रश्न. तो कधी जन्मला, हा दुसरा. बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतात. दुसऱ्याचं देऊ शकत नाहीत. आधार नोंदणीच्या वेळी अनेकांनी जन्मतारीख नुसती तोंडी सांगितली, काहींची तर अंदाजाने लिहिली गेली.

आधार प्राधिकरणाने डिसेंबर २०२३ मध्ये परिपत्रक काढून हेच स्पष्ट केलं. पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये ईपीएफओने, म्हणजे पीएफचं काम पाहणाऱ्या संघटनेने, जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून आधार काढून टाकलं. 

एका वर्षाचा फरक केवढ्याला पडतो?

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हरियाणातलं एक प्रकरण आलं. २०१५ सालच्या रस्ते अपघातात एकाचा मृत्यू झाला होता. आधारप्रमाणे त्याचं वय ४७, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे ४५. अपघाताची भरपाई ठरवताना वार्षिक उत्पन्नाच्या नुकसानीला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणतात. हायकोर्टाने आधारवरचं वय धरून १३ ने गुणलं होतं. सुप्रीम कोर्टाने शाळेचा दाखला ग्राह्य धरला आणि गुणक १४ केला. म्हणजे घरच्यांच्या हातात पडणाऱ्या रकमेत एका वर्षाच्या कमाईचा फरक.

मग तुमचं वय कोणता कागद सांगतो?

इथे १ ऑक्टोबर २०२३ ही तारीख महत्त्वाची. त्या दिवसापासून जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, लायसन्स, मतदारयादी, विवाह नोंदणी, सरकारी नोकरी, पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्म प्रमाणपत्र हाच जन्मतारखेचा पुरावा आहे.

हे वाचणारे तुम्ही अर्थातच त्याआधीचे. तुम्हाला पर्याय आहेत. पासपोर्टसाठी जन्म प्रमाणपत्राशिवाय शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन किंवा लायसन्सही चालतं. स्पर्धा परीक्षा देणार असाल तर मात्र दहावीचं प्रमाणपत्र जपा. यूपीएससी त्यावरचीच जन्मतारीख धरते आणि एकदा नोंदवलेली तारीख नंतर बदलून देत नाही.

शाळेच्या दाखल्याला एवढं वजन आहे, पण तोही नेहमी खरा असतोच असं नाही. आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या पिढीत १ जूनला वाढदिवस असलेली किती माणसं आहेत ते मोजून बघा. पोराला पहिलीत घ्यायचं, तारीख कुणाला आठवत नाही, मग गुरुजी १ जून टाकून मोकळे! पुढे निवृत्तीची तारीखही त्यावरूनच ठरली.

वयाचा प्रश्न सगळ्यात गंभीर होतो तो पोलीस केसमध्ये. आरोपी गुन्ह्याच्या वेळी १८ च्या आत होता का, यावर खटला बाल न्याय मंडळासमोर जाणार की कोर्टात, हे ठरतं. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम दिलाय: आधी शाळेचं जन्मतारखेचं किंवा बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षांची चूक होऊ शकते आणि १७ की १९ या वादात तेवढी पुरेशी असते. आधार या यादीत नाहीच.

सगळीकडे एकच नियम आहे असंही समजू नका. २०२२ साली बदललेल्या मतदार नोंदणीच्या फॉर्म ६ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांत आधारचं नाव आहे. एका सरकारी कार्यालयात चालणारा कागद दुसऱ्यात चालत नाही, त्यामुळे त्या-त्या अर्जासोबतची यादी वाचण्याला पर्याय नाही.

नुसती ओळख दाखवायची असेल तर

इथे फारसं अवघड काही नाही. रेल्वेत मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजचं फोटो असलेलं ओळखपत्र चालतं. १८ च्या आत काढलेल्या पॅनवर फोटो आणि सही नसते, त्यामुळे ते ओळखपत्र म्हणून उपयोगाचं नाही. १८ पूर्ण झाल्यावर ते अपडेट करून घ्यावं लागतं. लायसन्स डिजीलॉकरमध्ये असेल तर ते मूळ कागदाइतकंच वैध, गॅलरीतला फोटो नाही. आधारचे ठसे मुलाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी अपडेट करावे लागतात. १५ वर्षांनंतरचं अपडेट बऱ्याच जणांचं राहून जातं आणि मग ऐन प्रवेशाच्या वेळी अंगठा जुळत नाही.

तारखा जुळत नसतील तर

आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. म्हणून आधी जन्मदाखला आणि शाळेची नोंद जुळवा, मग त्यावरून आधार आणि पॅन. शाळेच्या रजिस्टरमधली चूक शाळेत असतानाच दुरुस्त करून घेणं सोपं, दाखला हातात पडल्यावर फार खेटे पडतात.

जन्मनोंद आहे पण त्यात बाळाचं नावच नाही, हेही बऱ्याचदा निघतं. कारण बारशाआधीच हॉस्पिटलमधून नोंद गेलेली असते. हे नाव नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. धाकट्या भावंडाचा दाखला त्यासाठी आजच काढून बघा. मूळ नोंदच नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्या अर्जाला शाळेचे, हॉस्पिटलचे जुने कागद जोडा. केवळ आधारवर दिलेले असे दाखले रद्द करण्याची भूमिका महाराष्ट्राच्या महसूल विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतली आहे.