रूमी टोपीचा कारागीर

हैदराबाद शहरात नारायणगुड्याला लागून हिमायतनगर नावाची वसती आहे. मराठवाड्यातील श्रोत्यांना याच नावाचे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव अधिक परिचयाचे असेल. परंतु आज मी बोलणार आहे ते हैदराबादेतील हिमायतनगरासंबंधी, आणि तेही केवळ त्याच्या नावापासून आरंभ करण्यापुरते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान, म्हणजेच आझम जाह, यांच्यावरून या वसतीला हे नाव मिळाले. शहराला पाणी पुरविण्यासाठी बांधलेल्या हिमायतसागरालाही त्यांचेच नाव आहे.

या राजपुत्राचा विवाह १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस या शहरी झाला. वधू होती राजकन्या दुर्रुशेहवार, आणि तिचे वडील होते दुसरे अब्दुल मजीद, उस्मानी घराण्यातील शेवटचे खलिफा. १९२४ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानच्या नव्या प्रजासत्ताकाने खिलाफत रद्द करून त्यांना देशाबाहेर घालविले होते, आणि निजामाकडून मिळणाऱ्या दरमहा तीनशे पौंडांच्या तनख्यावर ते परदेशी दिवस काढीत होते. या विवाहाची राजकीय बाजू पुष्कळांनी चर्चिली आहे. मला मात्र तिच्यातील एक लहानशी विसंगती अधिक बोलकी वाटते. ज्या तुर्कस्तानची ही राजकन्या, त्या तुर्कस्तानात लाल गोंडेदार टोपी डोक्यावर घालणे हा १९२५ पासून गुन्हा ठरला होता. आणि ज्या हैदराबादेत ती सून म्हणून आली, तेथे तीच टोपी शेरवानीच्या जोडीने सभ्य शहरी माणसाची खूण मानली जात होती. खुद्द तिच्या सासऱ्यांच्या डोक्यावर तीच होती.

एका देशात गुन्हा आणि दुसऱ्या देशात भूषण ठरणारी ही वस्तू ज्या हातांनी तयार होई, त्या हातांचे काय होत असेल? राजे आणि राज्ये यांच्या इतिहासात टोपी येते, पण टोपी करणारा सहसा येत नाही. आज त्याच्याविषयी थोडे बोलू.

आपण हिला रूमी टोपी किंवा तुर्की टोपी म्हणतो. ‘रूम’ म्हणजे जुन्या पूर्व रोमन साम्राज्याचा, पुढे तुर्कांच्या ताब्यात गेलेला प्रदेश. युरोपीय लोक तिला ‘फेझ’ म्हणतात, ते मोरोक्कोतील फेझ शहरावरून. दिसायला ती अगदी साधी. वर किंचित निमुळते होत गेलेले, सपाट माथ्याचे एक लाल नळकांडे, आणि माथ्याच्या मध्यातून लोंबणारा काळा रेशमी गोंडा. तिला झालर नाही, कडा नाही, घडी नाही. पण जिला झाकायला जागा नाही अशी वस्तू करणे फार अवघड असते, हे कोणताही कारागीर सांगेल.

अस्सल रूमी टोपी कापून शिवलेली नसते. तिला सांधाच नसतो. प्रथम लोकरीच्या सुताची एक मोठी, ढगळ, पांढरी टोपी विणतात. ती डोक्यावर घातली तर खांद्यापर्यंत यावी एवढी मोठी. मग गरम पाणी आणि साबण यांत ती बराच काळ मळतात, चोळतात, तुडवतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, ओल आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. आपल्याकडचे बुरणूस ज्या गुणामुळे होते तोच हा गुण. विणलेली टोपी आकसत जाते, घट्ट होते, आणि शेवटी तिच्यातील वीण दिसेनाशी होऊन तिचा नमदा होतो. नंतर एका काटेरी बोंडाने तिचा पृष्ठभाग विंचरून लव उभी करतात, ती कातरून सारखी करतात, आणि टोपी लाल रंगात बुडवतात. इथवरचे काम निरनिराळ्या हातांनी होते. ट्यूनिस शहराच्या परिसरात तर विणणे एका गावी, मळणे दुसऱ्या गावी, विंचरणे तिसऱ्या गावी आणि रंगविणे चौथ्या गावी, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

पण एवढे झाले तरी हाती येते ती लाल रंगाची एक मऊ पिशवी. तिला टोपीचे रूप येते ते कालबुतावर. हा शब्द मराठीला नवा नाही. चांभाराचा जोडा ज्या लाकडी पायावर चढवतात ते कालबूत, आणि पगडबंद ज्यावर पगडी बांधतो तेही कालबूत. रूमी टोपीचे कालबूत पितळेचे किंवा तांब्याचे असते. ते तापवून, ओलसर केलेली टोपी त्यावर चढवून, वरून तशाच धातूचे दुसरे भांडे दाबतात. वाफ निघते, लोकर आकार धरते. आतून गवताच्या किंवा पानांच्या बारीक चटईचे अस्तर घातले की टोपी ताठ उभी राहते. मग गोंडा, आतला चामड्याचा पट्टा, आणि काम पुरे.

सांगायला हे दोन मिनिटांचे. शिकायला मात्र वर्षे लागत. कारण यातील कोणतीही गोष्ट मोजपट्टीने सांगता येत नाही. कालबूत किती तापले म्हणजे पुरे? कमी तापले तर आकार धरत नाही, टोपी दुसऱ्या दिवशी ढिली पडते. जास्त तापले तर लोकर करपते, लाल रंगावर तपकिरी डाग येतो, आणि आधीच्या चार गावांचे श्रम वाया जातात. ओल किती हवी, दाब किती वेळ द्यावा, टोपी कालबुतावरून कोणत्या क्षणी उतरवावी, हे उस्ताद शागिर्दाला शब्दांत सांगू शकत नाही. तो शेजारी बसवून घेतो, आणि शागीर्द पाहून, हात भाजून, टोप्या बिघडवून शिकतो. त्यात आणखी अशी अडचण की माणसाचे डोके गोल नसते. ते लांबट असते, आणि दोन्ही बाजूंनी सारखेही नसते. टोपी कपाळावर रुतता कामा नये आणि वाऱ्याने उडताही कामा नये. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढता चढता त्याच्या डोक्याचा अंदाज घ्यायचा, ही त्या विद्येची शेवटची पायरी म्हणायला हरकत नाही.

शिवाय या कारागिराचे काम टोपी विकली की संपत नसे. पावसात भिजलेली, घामाने ढिलावलेली, बैठकीत चुकून कुणी दाबून बसलेली टोपी पुन्हा कालबुतावर चढवावी लागे. इस्तंबूलच्या बाजारांत केवळ एवढेच काम करणाऱ्यांची दुकाने होती. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोहेमियातील स्ट्राकोनित्से गावचे कारखाने यंत्रांवर टोप्या काढून त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पूर्वेकडे पाठवू लागले, तरी कालबूतवाल्याची गरज सरली नाही. यंत्राने त्याला बुडविले नाही. त्याला बुडविले ते कायद्याने.

टोपी आणि सरकारी हुकूम यांचे नाते फार जुने आहे. ब्रिटिश पार्लमेंटने १७३२ साली अमेरिकेतील आपल्या वसाहतींसाठी एक कायदा केला. तेथील टोप्या वसाहतीबाहेर पाठविण्यास त्याने बंदी केली. टोपी करणाऱ्याने दोनहून अधिक उमेदवार ठेवू नयेत आणि सात वर्षांची उमेदवारी केल्याखेरीज कुणी हा धंदा करू नये, असेही त्यात होते. हेतू विद्या टिकविण्याचा नव्हता. लंडनच्या टोपीवाल्यांना स्पर्धा होऊ नये एवढाच होता. त्याच्याही आधी, १६०९ पासून स्पेनच्या राजाने आपल्या मुसलमान वंशाच्या प्रजेला देशाबाहेर काढले. त्यांतील पुष्कळजण ट्यूनिसला गेले, आणि त्यांच्याबरोबर लाल लोकरी टोपीचा धंदा तेथे भरभराटीस आला. घरे आणि शेते मागे राहिली; हातातील विद्या तेवढी कुणाला काढून घेता आली नाही.

खुद्द तुर्कस्तानात ही टोपी हुकुमानेच आली. सुलतान दुसरा महमूद याने १८२९ साली सरकारी नोकरांना पागोटी उतरवून ही टोपी घालायला लावली. पागोट्याच्या बांधणीवरून माणसाचा दर्जा आणि धर्म कळे. सर्वांच्या डोक्यावर एकच टोपी आली की सर्व प्रजा सारखी दिसेल, असा त्याचा विचार होता. लोकांनी तेव्हा कुरकुर केली. पण दोन-तीन पिढ्यांत तीच टोपी एवढी आपली झाली की १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला तेव्हा तुर्की प्रजेने ऑस्ट्रियाच्या टोप्यांवर बहिष्कार घातला. मग आला केमाल पाशा. २५ नोव्हेंबर १९२५ च्या कायद्याने रूमी टोपी बंद झाली आणि तिच्या जागी युरोपीय हॅट आली. विरोध करणाऱ्यांपैकी काहींना फाशी झाली. शंभर वर्षांपूर्वी जी टोपी सुधारणेची खूण म्हणून सक्तीने डोक्यावर चढविली, तीच मागासलेपणाची खूण म्हणून सक्तीने उतरविली गेली. टोपी तीच होती; तिचा अर्थ मात्र दोन्ही वेळा दरबारात ठरला. कालबूत तापवीत बसलेल्या माणसाला कुणी विचारले नाही.

आता हैदराबादेकडे परत येऊ. हिंदुस्थानात या टोपीला प्रतिष्ठा मिळवून देण्यात सर सय्यद अहमद खान यांचा वाटा मोठा. अलीगढच्या विद्यार्थ्यांच्या पोशाखात तिचा समावेश झाला. हैदराबादेत दरबारी पोशाख निराळा होता. निजामापुढे जाताना डोक्यावर दस्तार आणि कमरेला बगलूस, म्हणजे पट्टा, हवाच. मग दरबारी हिंदू असो की मुसलमान. ही दस्तारही आधी बांधून ठेवलेली, पगडीसारखी. म्हणजे शहरात दस्तार बांधणारा आणि रूमी टोपी करणारा अशा दोन्ही कारागिरांना काम होते, आणि दोघांचे पोट एका घराण्याच्या आवडीनिवडीशी जोडलेले होते.

ती आवडनिवड कशी बदलते पाहा. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८६९ ते १९११ राज्य केले. पुराणी हवेलीत त्यांच्या कपड्यांसाठी बांधलेले दुमजली लाकडी कपाट आजही पाहायला मिळते. एकदा घातलेला पोशाख ते पुन्हा घालीत नसत अशी आख्यायिका आहे. त्यांचे चिरंजीव उस्मान अली खान जगातील सर्वांत श्रीमंत गृहस्थ म्हणून गाजले, आणि एकच जुनाट रूमी टोपी वर्षानुवर्षे घालतात म्हणूनही गाजले. चरित्रकारांना यात स्वभावाची गंमत दिसते. कारागिराला यात बापाच्या काळची सुगी आणि मुलाच्या काळचा दुष्काळ दिसला असेल.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात आला. दरबार गेला तशी दस्तार गेली. रूमी टोपीवर कुणी कायद्याने बंदी घातली नाही. ती हळूहळू डोक्यांवरून उतरत गेली. १९६७ साली उस्मान अली खान निवर्तले तोवर ती बहुतेक जुन्या पिढीचीच उरली होती.

आपण मराठी माणसांनी हे परक्याचे दुःख समजू नये. पुण्याच्या पगडबंदाची कथा याहून निराळी नाही. पगडी बांधणे हेही कालबुतावरचे, बोटांना वर्षानुवर्षे वळण लावणारे काम. तेही हुकुमाने नव्हे, काळाच्या ओघाने सरले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत पांढरी खादीची टोपी आली. ती धुता येई, घडी करून खिशात घालता येई, आणि घरच्या घरी शिवता येई. स्वातंत्र्याच्या चळवळीला अशीच टोपी हवी होती, आणि तिने केवढे कार्य केले हे हैदराबाद संस्थानातील जनतेला सांगायला नको. स्वतः गांधीजींनी ती १९२१ मध्येच सोडली. देशाने मात्र ती पुढे कितीतरी वर्षे जपली. पण जी टोपी कुणालाही शिवता येते, तिला उस्ताद लागत नाही. एका न्याय्य चळवळीच्या विजयातही एका विद्येचा अंत दडलेला असू शकतो. एवढे मान्य केल्याने चळवळीला उणेपणा येत नाही.

२००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळाले. सत्कारांच्या निमित्ताने ती आजही माथ्यावर चढते. हैदराबादेतही चारमिनारजवळच्या बाजारात टोप्यांची दुकाने आहेत, आणि रमजानच्या दिवसांत तेथे गर्दी होते. म्हणजे वस्तू अगदी नाहीशी होत नाही. ती समारंभापुरती उरते. पण समारंभाच्या मागणीवर शागीर्द तयार होत नाही. त्यासाठी रोजचे काम लागते, रोज बिघडणाऱ्या टोप्या लागतात.

आपली संग्रहालये राजांच्या टोप्या काचेच्या कपाटात ठेवतात, आणि ते योग्यच आहे. त्याच कपाटात एखादे पितळी कालबूत, लव कातरण्याची कात्री, विंचरण्याचे काटेरी बोंड ठेवायला फार जागा लागणार नाही. आणि ज्यांना हे काम अजून येते त्यांच्याजवळ बसून, ते कसे करतात हे पाहून, त्यांचे शब्द लिहून ठेवणारा कुणी निघाला तर फारच उत्तम. हिमायतनगराच्या नावात राजपुत्राची आठवण राहिली. त्याच्या वडिलांची टोपी कालबुतावर चढविणाऱ्या माणसाचे नाव कुठल्याही वसतीला नाही. निदान त्याच्या हाताची रीत तरी कुठेतरी नोंदलेली असावी.