घरगुती डिशवॉशर आणि 'भरवसा' या संकल्पनेचा इतिहास

औद्योगिक क्रांतीने घराबाहेरील श्रमांचे स्वरूप जितक्या वेगाने बदलले तितक्या वेगाने स्वयंपाकघरातील श्रम बदलले नाहीत. शिवणयंत्राने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच पाश्चात्त्य मध्यमवर्गीय घरांत प्रवेश केला. त्याच शतकात जन्मलेले भांडी धुण्याचे यंत्र मात्र खुद्द अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धानंतरच घरांत रुळू लागले. नवा डिशवॉशर घेऊ पाहणारे कुटुंब आज 'कोणते यंत्र भरवशाचे?' हा प्रश्न प्रथम विचारते. हा प्रश्न या यंत्राइतकाच जुना असून त्याचे उत्तर केवळ यंत्रात कधीच नव्हते. प्रस्तुत लेखात या दीर्घ विलंबाच्या कारणांच्या आधारे त्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

हाताने चाक फिरवून भांड्यांवर पाणी उडविणाऱ्या लाकडी यंत्राचे पेटंट जोएल हॉटन यांनी १८५० मध्ये अमेरिकेत घेतले. पण ते फारसे उपयोगी ठरले नाही. या क्षेत्रातील खरा टप्पा म्हणजे इलिनॉय राज्यातील शेल्बीव्हिल येथे राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन यांचे २८ डिसेंबर १८८६ चे पेटंट होय. घरातील मौल्यवान चिनी मातीच्या भांड्यांचे नोकरांच्या हातून टवके उडतात, ही त्यांची मूळ तक्रार होती. श्रम वाचविण्यापेक्षा भांडी वाचविणे हा आरंभीचा हेतू होता, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. १८८३ मध्ये पती कर्ज मागे ठेवून निवर्तले आणि सोयीचा विषय चरितार्थाचा झाला. मेकॅनिक जॉर्ज बटर्स यांच्या मदतीने त्यांनी यंत्र प्रत्यक्षात आणले. बशा व कपांची मापे घेऊन तारांचे कप्पे तयार केले, ते तांब्याच्या बॉयलरमधील आडव्या चाकावर बसविले आणि चाक फिरत असताना साबणाचे गरम पाणी खालून जोराने भांड्यांवर सोडण्याची योजना केली. घासण्याऐवजी पाण्याच्या दाबाने भांडी स्वच्छ करण्याचे हे तत्त्व आजच्या यंत्रातही कायम आहे.

१८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात या यंत्राला पारितोषिक मिळाले, त्यात टिकाऊपणाचाही उल्लेख होता. तथापि त्याचे ग्राहक होते शिकागोतील पामर हाउस, शर्मन हाउस यांसारखी हॉटेले, गृहिणी नव्हेत. याचे कारण केवळ किंमत नव्हते. हॉटेलात सतत उकळते पाणी असे, एकाच मापाच्या शेकडो बशा असत आणि बिघाड झाल्यास हाताशी कारागीर असे. यंत्र तेथे भरवशाचे ठरले, कारण त्याच्या भोवतालची व्यवस्था भरवशाची होती. घरात यांपैकी बहुतेक गोष्टींचा अभाव होता. घरगुती बॉयलरचे गरम पाणी यंत्राला पुरत नसे. जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्याशी साबणाचा संयोग होऊन भांड्यांवर चिकट थर बसे. शिवाय साबणाचा फेस झाला की पाण्याचा जोर मंदावे. ब्रिटनमध्ये विल्यम हॉवर्ड लिव्हेन्स यांनी १९२४ मध्ये पुढे दार व आत फिरता फवारा असलेले छोटे घरगुती यंत्र कल्पिले. जर्मनीतील मीले कंपनीने १९२९ मध्ये विजेवर चालणारे यंत्र बाजारात आणले. आराखड्याच्या दृष्टीने आधुनिक असूनही या यंत्रांचा घरोघरी प्रसार झाला नाही. कॉक्रन यांच्या निधनानंतर (१९१३) त्यांची कंपनी १९२६ मध्ये होबार्टकडे गेली आणि किचनएड या नावाने घरगुती यंत्र निघाले ते १९४९ मध्ये. नळाचे गरम पाणी, वीज आणि फेस न करणारी फॉस्फेटयुक्त पावडर या तिन्ही गोष्टी तोवर जुळून आल्या होत्या.

या पावडरीचे महत्त्व पुढे अनपेक्षितपणे सिद्ध झाले. फॉस्फेटमुळे नद्या व तलावांत शेवाळ माजते, म्हणून जुलै २०१० मध्ये अमेरिकेतील अनेक राज्यांनी डिशवॉशरच्या पावडरीतील फॉस्फेटवर कडक मर्यादा घातली. उत्पादकांनी घटक बदलताच काचेवर पांढरट थर दिसू लागले आणि कित्येक कुटुंबांनी आपले यंत्रच बिघडले असे मानले. यंत्र जसेच्या तसे होते. बदलली होती ती पावडर.

भरवशाची खात्री कोणी द्यायची, हा याचा दुसरा पैलू. हॉटेलमालक वापरून पारख करी. एकच यंत्र घेणाऱ्या कुटुंबाला ते शक्य नव्हते. अमेरिकेतील कन्झ्युमर्स युनियन (१९३६) आणि जर्मनीतील श्टिफ्टुंग वारेनटेस्ट (१९६४) या संस्थांनी ही उणीव तुलनात्मक चाचण्यांनी भरून काढली. यंत्र दुरुस्त होऊ शकते काय, या प्रश्नाला कायद्याचे बळ मिळण्यास मात्र बराच काळ जावा लागला. युरोपीय संघाच्या मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार डिशवॉशरचे पंप, मोटर आदी भाग किमान ७ वर्षे आणि दाराचे रबर, फवारे, जाळ्या आदी भाग किमान १० वर्षे उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. जाहिरातीतील कोणत्याही वचनापेक्षा ही तरतूद अधिक मोलाची मानावी लागेल.

महाराष्ट्रातील नागर मध्यमवर्गात हा प्रश्न यंत्राविषयी नव्हे, तर माणसाविषयी विचारला जात असे. 'बाई भरवशाची आहे का, खाडे फार करते का?' ही चौकशी शेजारणीकडे होई. मोरीत बसून राख, काथ्या, चिंच यांनी भांडी घासणाऱ्या स्त्रीला मात्र आपल्या वेतनाचा वा सुटीचा भरवसा नव्हता. १९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांसाठी राज्यात कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ मध्ये. मार्च २०२० मधील टाळेबंदीत अनेक गृहनिर्माण संस्थांनी या स्त्रियांना प्रवेश नाकारला आणि डिशवॉशरच्या मागणीत एकाएकी वाढ झाली. म्हणजे येथे यंत्राला गिऱ्हाईक मिळवून दिले ते सक्तीच्या खाड्याने.

त्या वेळी घाईने घेतलेल्या यंत्रांपुढे एकोणिसाव्या शतकातील अडचणीच नव्या रूपात उभ्या राहिल्या. बोअरवेलच्या जड पाण्यासाठी यंत्रातील मृदुकरण कप्प्यात विशिष्ट मीठ वेळोवेळी घालावे लागते. ते न घातल्यास स्टीलच्या ताटांवर डाग राहतात. अॅल्युमिनियमची कढई क्षारयुक्त पावडरीने काळवंडते, कल्हई केलेली पितळी भांडी तर आत ठेवूच नयेत. करपलेल्या मसाल्यासाठी ७० अंशांच्या आसपासचे पाणी लागते. त्यामुळे दुकानात यंत्राची क्षमता विचारण्याआधी घरच्या पाण्याची जडता मोजून घेणे, रोजच्या भांड्यांपैकी किती भांडी यंत्रात घालता येतील ते पाहणे आणि आपल्या गावात त्या कंपनीचा दुरुस्ती कारागीर व सुटे भाग मिळतात की नाही याची खातरजमा करणे क्रमप्राप्त ठरते. जिल्ह्याच्या ठिकाणी या शेवटच्या बाबीवरच बहुधा निवड अडते.