बोनेरची भरतीरेषा

कोणत्याही संपत्तीचे रक्षण करावयाचे म्हटले म्हणजे प्रथम तिची हद्द आखावी लागते. शेताला बांध, गावाला शीव आणि राज्याला सरहद्द हा मनुष्यमात्राचा पुरातन रिवाज आहे. परंतु हद्द जेथे आखणे सोयीचे असते, तेथेच संकट येऊन थांबते असे मात्र नाही. कॅरिबियन समुद्रातील बोनेर नावाच्या एका लहानशा बेटाचा इतिहास या दृष्टीने फार उद्बोधक आहे. आपल्या समुद्रातील ठेव्याचे मोल या बेटाने इतर पुष्कळ देशांच्या आधी ओळखले, तिच्या रक्षणासाठी कायदेही केले. आणि तरीही त्याची चिंता मिटली नाही. असे का झाले, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्हेनेझुएलाच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर वसलेल्या या बेटाचे क्षेत्रफळ अवघे २८८ चौरस किलोमीटर आहे. पाऊस बेताचा, जमीन चुनखडीची आणि झाडोरा काटेरी. इ. स. १४९९ मध्ये स्पॅनिश लोक येथे आले. पुढे १६३६ मध्ये डच लोकांनी बेट घेतले, ते येथील मिठासाठी. हेरिंग मासा खारविण्याकरिता त्यांना मीठ हवे होते, आणि बेटाच्या दक्षिण टोकाची सपाट भूमी व कडक ऊन मिठागरांस सर्वथा अनुकूल होते. त्या मिठागरांत गुलामांकडून काम करून घेतले जाई. त्यांना रात्री अंग टाकण्यासाठी १८५० च्या सुमारास बांधलेल्या, माणसाला धड उभेही राहता येणार नाही अशा ठेंगण्या दगडी झोपड्या समुद्रकाठी अद्याप उभ्या आहेत. १८६३ मध्ये गुलामगिरी बंद झाली आणि त्यानंतर बेट जवळजवळ शंभर वर्षे जगाच्या विस्मृतीत गेले.

ज्या गोष्टीने त्याला पुन्हा नाव मिळाले, ती जमिनीवर नसून पाण्याखाली होती. बेटाच्या पूर्वेकडे व्यापारी वाऱ्यांनी खवळलेला समुद्र असतो. पश्चिमेचा किनारा मात्र त्या वाऱ्यांच्या आडोशास असल्यामुळे तळ्यासारखा शांत राहतो. तेथे पोवळ्यांची रांग किनाऱ्याला अगदी लागून आहे. काठावरून उतरून थोडे पोहत गेले, की तळ एकाएकी खोल उतरू लागतो आणि त्या उतारावर प्रवाळांची सृष्टी पसरलेली दिसते. इतरत्र अशा दर्शनासाठी होडी करून दूर जावे लागते. येथे पाठीवर हवेची टाकी बांधून रस्त्यावरून चालत पाण्यात शिरता येते. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाने रंगविलेले दगड ठेवलेले असतात आणि त्यांवर त्या त्या जागेचे नाव लिहिलेले असते. अशा, किनाऱ्यावरूनच बुडी घेता येण्याजोग्या, जागा पन्नासांहून अधिक आहेत. त्यांपैकी एकीचे नाव ‘हजार पायऱ्या’ असे आहे. वस्तुतः पायऱ्या शंभरही नाहीत. परंतु जड टाकी घेऊन वर चढणाऱ्याची गणती निराळी असते, हे कोणीही कबूल करील.

१९६२ मध्ये डॉन स्टुअर्ट नावाचा एक अमेरिकन दर्यावर्दी आपले गलबत घेऊन येथे आला आणि येथलाच झाला. त्या वेळी पाहुण्यांसाठी जे मोजके निवारे होते, त्यांपैकी एक दुसऱ्या महायुद्धातील स्थानबद्धांच्या छावणीतूनच उभा राहिला होता. स्टुअर्टने पाणबुड्यांचा व्यवसाय सुरू केला. आरंभी तो स्वतः भाल्याने मासे मारणारा होता. पण जे विकावयाचे तेच आपण नष्ट करीत आहो, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले, आणि तो संरक्षणाचा कैवारी बनला. १९७१ मध्ये भाल्याने मासे मारण्यास बंदी झाली. १९७५ मध्ये पोवळी तोडण्यास मनाई झाली. नांगर टाकून प्रवाळ मोडू नयेत म्हणून होड्या बांधण्यासाठी कायमच्या बोया बसविण्यात आल्या. अखेर १९७९ मध्ये बेटाभोवतीचा सर्व समुद्र उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. पुढे द्रव्याच्या अभावी त्याचा कारभार काही वर्षे ढासळला. तो १९९० नंतर सावरला, आणि १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून वर्षाला १० डॉलर घेण्याची पद्धत सुरू झाली. ज्याने उपभोग घ्यावा त्यानेच राखणीचा खर्च सोसावा, हा न्याय लोकांनी आनंदाने मान्य केला.

या उद्यानाची हद्द कोठून कोठपर्यंत, हे पाहण्यासारखे आहे. भरतीच्या वरच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, अशी ती ठरली. कायद्याच्या दृष्टीने ही रेषा स्वच्छ व निःसंदिग्ध आहे यात शंका नाही. परंतु तिच्या एका बाजूस पाणबुड्याने हातमोजे घालावेत की नाही इतका बारीक विचार होऊ लागला, आणि दुसऱ्या बाजूस, हाकेच्या अंतरावर, एकामागून एक विश्रामगृहे उठू लागली. प्रवाळ पाहण्यास येणाऱ्याला प्रवाळासमोरच खोली हवी असते. त्यामुळे बांधकामाची सारी ओढ नेमकी त्या शांत पश्चिम किनाऱ्याकडेच लागली.

आता जमिनीवरच्या घराने पाण्यातल्या पोवळ्याचे काय बिघडते, असे कोणी विचारील. चुनखडीची भूमी चाळणीसारखी सच्छिद्र असते. शोषखड्ड्यांत सोडलेले सांडपाणी तिच्यातून झिरपत समुद्रास मिळते. पोवळे हा निर्मळ पाण्यातला जीव आहे. सांडपाण्यातील द्रव्ये त्याला पोषक नसून शेवाळाला पोषक असतात. शेवाळ माजले, की कोवळ्या पोवळ्यांना मूळ धरण्यास जागा उरत नाही. दुसरे असे की, पायाभरणीसाठी जमीन उघडी केली म्हणजे पावसाच्या एका सरीसरशी गाळ वाहू लागतो. किनाऱ्यालगतची खाजणवजा खारी तळी हा गाळ पूर्वी अडवून धरीत. ती बुजविली, की गाळ थेट प्रवाळांवर जाऊन बसतो आणि त्यांचा सूर्यप्रकाश हिरावून घेतो. मूळच्या खडकाळ काठावर पाहुण्यांच्या सुखासाठी रेती आणून पसरली, तर लाटा तीही ओढून नेतात. यातील एकही कृत्य भरतीच्या रेषेखाली घडत नाही; परिणाम मात्र सगळा तिच्याखालीच होतो.

पाणबुड्यांची संख्या हाही एक प्रश्न आहेच. एका जागी वर्षाला ४,००० ते ६,००० बुड्यांपलीकडे गेल्यास प्रवाळांची हानी दिसू लागते, असा निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काढलेला आहे. म्हणजे ज्या जागेसमोर विश्रामगृह आहे, त्या जागेवर वरून सांडपाण्याचा आणि समोरून पाहुण्यांचा असा दुहेरी भार पडतो.

बेटातील विचारी लोकांना हे कळले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. समोरच क्लाइन बोनेर म्हणून एक निर्जन, सखल बेट आहे. ते खासगी मालकीचे होते आणि तेथे विहारस्थान उभारण्याचे बेत अनेकदा रचले गेले. स्थानिक लोकांनी चळवळ केली, बाहेरून साहाय्य मिळविले, आणि १९९९ मध्ये ते बेट विकत घेऊन बांधकामापासून कायमचे मुक्त केले. पुढे ते उद्यानातही समाविष्ट झाले. येथे प्रथमच राखणीची रेषा पाण्यातून वर चढून जमिनीवर आली. मोठ्या बेटावरही युरोपीय संघाच्या साहाय्याने किनारपट्टीवरील सांडपाणी शुद्ध करण्याची योजना उभी राहिली. परंतु आतल्या भागातील पुष्कळ घरे शोषखड्ड्यांवरच राहिली. दरम्यान १० ऑक्टोबर २०१० रोजी बोनेर नेदरलँड्सच्या राज्यकारभारात थेट सामील झाले. तेव्हा लोकवस्ती १६,००० च्या आत होती. २०२३ पर्यंत ती २४,००० वर गेली.

प्रवाळांच्या साऱ्या दुःखांचे खापर विश्रामगृहांवर फोडणे अर्थातच योग्य नव्हे. १९८३–८४ मध्ये शेवाळ खाणाऱ्या काळ्या समुद्रसाळू जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमध्ये रोगाने मेल्या. तापलेल्या पाण्याने पोवळी पांढरी पडण्याचे प्रकार वारंवार झाले. आणि २०२३ मध्ये पोवळ्यांचे मांस झडविणारा नवा रोग बोनेरला पोचला, तेव्हा काही जागा पाणबुड्यांसाठी बंद ठेवाव्या लागल्या. या आपत्तींना एकटे बोनेर आवर घालू शकत नाही. परंतु म्हणूनच जे आपल्या हाती आहे त्याचे महत्त्व अधिक वाढते. बाहेरच्या तापाशी झुंजणाऱ्या रोग्याच्या उशाशी घरचीच घाण साचू देणे कोणत्याही वैद्यशास्त्रात बसत नाही.

मिठाच्या काळी या बेटाने माणसांना मोल दिले नाही, एवढा कलंक त्याच्या किनाऱ्यावरील झोपड्या आजही सांगतात. पोवळ्यांच्या काळात त्याने निसर्गाला मोल दिले, ही त्याची थोरवी होय. आता त्याच्यापुढे प्रश्न एवढाच उरला आहे, की क्लाइन बोनेरवर जी रेषा त्याने धैर्याने वर सरकविली, ती स्वतःच्या घरासमोरही सरकविण्याची त्याची तयारी आहे काय? समुद्राचे रक्षण समुद्रातच होते, हा समज जोवर सुटत नाही, तोवर पिवळ्या दगडांवरची नावे राहतील. पण ज्यांच्यामुळे ती नावे पडली ते वैभव राहीलच, अशी खात्री कोणी द्यावी?