यक्ष, प्रेषित आणि उपरा : मराठीतील परलोकीच्या नायकाचा पूर्वेतिहास

१

मराठी विज्ञानकथेचा आरंभ ज्यूल व्हर्नच्या अनुवादांपासून किंवा श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य' या कथेपासून धरण्याची प्रथा आहे. वाङ्मयप्रकाराचा इतिहास म्हणून ही मांडणी योग्यच होय. परंतु एखाद्या वाङ्मयप्रकाराचा इतिहास आणि त्यात वावरणाऱ्या एखाद्या व्यक्तिरेखेचा इतिहास या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या लोकातून पृथ्वीवर आलेला, मानवाहून अधिक सामर्थ्य असलेला, आणि तरीही येथे परका ठरलेला पुरुष ही व्यक्तिरेखा मराठी मुलखात दुर्बिणीच्या कितीतरी आधीपासून वस्तीला आहे. तिचे जुने नाव यक्ष. या यक्षाचे पुढे काय झाले, आणि समीक्षेने त्याच्याकडे कसे पाहिले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या इतिहासाचे एक टोक नेरळ-कर्जतच्या परिसरात सापडते. मुंबईहून नेरळला उतरणारा प्रवासी बहुधा पश्चिमेकडे वळतो. १९०७ साली सुरू झालेली अरुंद रुळांची गाडी त्याला माथेरानच्या पठारावर नेते. नेरळच्या पूर्वेच्या सखल भागातून उल्हास नदी वाहते. तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेने भिवपुरी, कर्जत मागे टाकीत राजमाचीच्या पायथ्याकडे गेले, की दाट झाडीत कोंडाणे येथील बौद्ध लेणी लागतात. इसवी सनापूर्वीच्या शतकांतील हे चैत्यगृह बुद्धमूर्ती घडविण्याची प्रथा सुरू होण्याआधीचे आहे. चैत्याच्या दर्शनी भागाशी एका मोठ्या मूर्तीचा अवशेष आहे. मस्तकाचा थोडा भाग, त्यावरील काळजीपूर्वक कोरलेले शिरोभूषण, आणि शेजारी ब्राह्मी लिपीतील एक लहानसा लेख. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा आशय आहे. ही मूर्ती यक्षाची असावी असे अभ्यासक मानतात.

पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेल्या आणि आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या बुटक्या, हसऱ्या यक्षाच्या हातावरही असाच लेख आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने तो घडविला. दोन्ही ठिकाणी यक्षाविषयी लेख काहीच सांगत नाही. सांगतो तो घडविणाऱ्याविषयी. यक्षाचे नाव, गाव, चरित्र यांची कोणाला गरज वाटलेली नाही. त्याला दारापाशी उभे केले आहे, आणि त्याचे काम राखण करण्याचे आहे.

आनंद कुमारस्वामी यांनी १९२८ आणि १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या यक्षविषयक अभ्यासात या देवतांचे जल, वृक्ष आणि समृद्धी यांच्याशी असलेले नाते उलगडून दाखविले. बौद्ध धर्माने या जुन्या लोकदेवतांना हाकलले नाही. त्यांना द्वारपाल केले. ही व्यवस्था सूक्ष्म आहे. परक्या सामर्थ्याला जागा दिली जाते, मान दिला जातो, परंतु ती जागा उंबरठ्याची असते. गावोगावच्या साती आसरांची गोष्टही याहून वेगळी नाही. स्वर्गातील अप्सरा येथे पाणवठ्याच्या शेंदूर लावलेल्या दगडांत स्थिरावल्या. त्यांना हळदकुंकू मिळाले, पण घरात प्रवेश मिळाला नाही. जोवर सामर्थ्य शाबूत आहे, तोवर परलोकीच्या पाहुण्याला माणसांच्या भावविश्वात शिरता येत नाही, असे सूत्र येथे दिसते.

२

महाभारतातील यक्षही राखणदारच आहे. तो सरोवर राखतो, प्रश्न विचारतो, आणि उत्तर न देता पाणी पिणाऱ्याला निष्प्राण करतो. मराठीने त्याच्यापासून 'यक्षप्रश्न' हा शब्द घेतला आणि तो इतका रुळविला, की त्यामागची व्यक्तिरेखा विसरली गेली. सामर्थ्यवान परक्याशी माणसाचे नाते भयाचे आणि परीक्षेचे असते, एवढेच त्या शब्दात शिल्लक राहिले.

हे नाते कालिदासाने उलटे केले. 'मेघदूता'तील यक्ष कर्तव्यात चुकतो; धनाधिपती कुबेर त्याला वर्षभरासाठी पत्नीपासून दूर करतो. या शापाचा एक तपशील वाचनात सहसा निसटतो. यक्षाला केवळ हद्दपारी मिळालेली नाही. त्याचा महिमाही मावळलेला आहे. यक्ष हा इच्छेनुसार संचार करणारा जीव. सामर्थ्य शाबूत असते तर रामगिरी आणि अलका यांच्यातील अंतराला अर्थच उरला नसता, मेघाची विनवणी करण्याचे कारण नव्हते आणि काव्यही नव्हते. सामर्थ्याचा लोप ही या काव्याची केवळ पार्श्वभूमी नाही, ती त्याची अटच आहे. हातातले कडे गळून पडावे इतका कृश झालेला, निर्जीव ढग आणि सजीव दूत यांतला भेद विसरलेला हा यक्ष प्रथमच माणसासारखा वागतो. तो ढगाला कुड्याची फुले वाहतो. नेरळ-माथेरानच्या रानात जून महिन्यात दिसणारा कुडा तो हाच. परलोकीचा हा पुरुष आता भोवतालच्या झाडाकडे, पावसाच्या पहिल्या चिन्हाकडे पाहू लागला आहे. पृथ्वीचा भूगोल त्याला गावोगावच्या, नद्यांच्या नावांनिशी पाठ झाला आहे. तो पृथ्वीवर रुजतो तो विरहामुळे.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे साधार प्रतिपादन केले. हे मत स्वीकारले तर परग्रहाच्या कल्पनेहून कितीतरी जुना असा परलोकीचा एक विरही नायक महाराष्ट्राच्या भूमीवर आपल्या हद्दपारीचे वर्ष कंठून गेला, असे म्हणावे लागते.

मराठीने या काव्याचे वारंवार अनुवाद केले. कृष्णशास्त्री चिपळूणकर, चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके ही त्यातली काही नावे. यांपैकी देशमुखांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते गावचा, म्हणजे याच रायगड जिल्ह्यातला; १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कुबेराच्या सेवेत चुकलेल्या सेवकाचे दुःख मराठीत आणण्याचे काम देशाच्या कोषाशी संबंधित असलेल्या एका अधिकाऱ्याने करावे, हा योगायोग असला तरी सूचक आहे. या अनुवादांच्या परंपरेत 'मेघदूत' मराठी वाचकाला प्रामुख्याने प्रेमकाव्य आणि निसर्गकाव्य म्हणून भेटले. नायक मानव नाही, तो दुसऱ्या लोकातला आणि सामर्थ्य हरवलेला आहे, हा धागा रसचर्चेत मागे पडला. यक्ष माणसासारखा वाटू लागला, तेव्हा तो मुळात माणूस नव्हता याचा विसर पडला.

३

यक्ष मराठीत पुन्हा परका म्हणून अवतरला तो विज्ञानकथेतून. जयंत नारळीकर यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली. आपल्या ख्यातीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये, हा त्यामागचा हेतू होता. १९७५ साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. १९७९ साली नारळीकरांचा पहिला कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'यक्षांची देणगी'.

या शीर्षकाचे महत्त्व पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. आधुनिक खगोलशास्त्रज्ञ जेव्हा परलोकीच्या प्रगत जीवासाठी मराठी शब्द शोधतो, तेव्हा त्याच्या हाती यक्ष हा शब्द येतो. असुर, राक्षस किंवा देव हे शब्द उपलब्ध असताना तो ते घेत नाही. देवाला श्रद्धा चिकटलेली आहे आणि राक्षसाला वैर; यक्ष मात्र सामर्थ्यवान असून तटस्थ आहे. शीर्षकातील दुसरा शब्द त्याचे कार्य ठरवितो. हा यक्ष देणारा आहे. म्हणजे तो रामगिरीवरचा नव्हे, कोंडाण्याचा आहे. समृद्धी राखणारा, उंबरठ्यावरचा. कालिदासाने त्याला दिलेले दुःख या नव्या अवतारात मागे राहिले.

परकीय नायकांना देशी नाव देण्याची ही प्रवृत्ती त्या काळात अन्यत्रही दिसते. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉकचा मुखवटाधारी नायक मराठी मुलांना भेटला तो वेताळ या नावाने. कोकणातल्या गावांच्या वेशी राखणारा वेताळ आणि आफ्रिकेतल्या कल्पित अरण्याचा रक्षक यांच्यात अनुवादकाला साम्य दिसले ते राखणदारीचेच.

नारळीकरांच्या 'प्रेषित' या कादंबरीत परलोकीची व्यक्ती अधिक जवळ येते. तिच्या केंद्रस्थानी माणसांत वाढलेला परग्रहीय आहे. येथेही शीर्षक बोलके आहे. 'प्रेषित' म्हणजे पाठविलेला. मराठीत हा शब्द ईश्वराचा संदेश आणणाऱ्या पुरुषासाठीही वापरला जातो. पाठविलेल्या माणसाची ओळख पाठविणाऱ्याच्या हेतूने ठरते. तो जेथे येतो त्या भूमीशी त्याचे नाते काय, हा प्रश्न त्या शब्दात दुय्यम होतो. वास्तविक माणसांत वाढलेल्या आणि माणूस नसलेल्या व्यक्तीचा एकाकीपणा हे अस्सल वाङ्मयीन आशयसूत्र आहे. परंतु विज्ञानकथेच्या मराठी समीक्षेने विचारलेले प्रश्न प्राधान्याने वेगळे राहिले. कथेतील विज्ञान अचूक आहे काय, तिने कोणते भाकीत केले, ती अद्भुतकथेपासून पुरेशी वेगळी आहे काय, हे ते प्रश्न होत. विज्ञानप्रसार हा लेखकाचाही घोषित हेतू असल्याने हे प्रश्न अप्रस्तुत नव्हते. मात्र त्यांच्या गर्दीत हा परका कोण आणि त्याला काय सोसावे लागते, हा प्रश्न मागे राहिला.

४

या उपेक्षेचे कारण शोधायचे तर त्याच काळातील एका दुसऱ्या शब्दाकडे पाहावे लागते. 'यक्षांची देणगी'नंतर एका वर्षाने, १९८० साली, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि १९८१ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजातल्या, गावोगाव बिऱ्हाड हलवीत जगणाऱ्या कुटुंबाची ती कहाणी आहे. उपरा म्हणजे गाव नसलेला, बाहेरचा. तो आकाशातून आलेला नाही. याच मातीतला आहे, आणि तरीही त्याला येथे जागा नाही.

म्हणजे एकाच सुमारास मराठीत दोन परके प्रवेश करतात. एक सर्वज्ञ, समर्थ, देणगी देणारा. त्याच्या स्वागतासाठी वेधशाळा सज्ज असतात. दुसरा निर्धन, हिंडता. त्याला गावाच्या शिवेवर अडविले जाते. एकाला सामर्थ्य आहे, दुसऱ्याला दुःख. मराठी समीक्षेने पहिल्याला विज्ञानसाहित्याच्या कप्प्यात ठेवले, दुसऱ्याला दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांच्या. परात्मतेची चर्चा करताना तिने काम्यूच्या नायकाचा विचार केला, नागर मध्यमवर्गीय तरुणाचा केला. परंतु यक्ष आणि उपरा या दोघांना शेजारी बसवून पाहिले नाही.

ही विभागणी अपरिहार्य नव्हती, हे अमेरिकेतील उदाहरणावरून कळते. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन हा परग्रहावरून आलेला अतिमानव. त्याचे निर्माते स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले होते. त्यांनी सामर्थ्य आणि उपरेपण ही दोन्ही एकाच देहात ठेवली. आकाशात उडणारा वीर जमिनीवर क्लार्क केंट नावाचा बुजरा बातमीदार असतो. ज्या स्त्रीवर त्याचे प्रेम आहे ती त्या वीरावर मोहित होते आणि बातमीदाराकडे पाहतही नाही. स्वतःच स्वतःचा प्रतिस्पर्धी झालेल्या या नायकाचे दुःख बालिश रंगांत छापले गेले असले, तरी ते स्थलांतरिताचेच दुःख आहे. आपले खरे नाव सांगितले तर आपण परके ठरू, आणि लपविले तर आपल्यावर कोणी प्रेम करणार नाही, हा त्याचा पेच आहे. मूळचे नागपूरचे दिग्दर्शक राजकुमार हिरानी यांच्या २०१४ सालच्या 'पीके' या हिंदी चित्रपटातही परग्रहीय नायक आपले प्रेम उघड न करता परत जातो. बरोबर नेतो ते तिच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण. लोकप्रिय कलेला जे सहज सुचले, ते गंभीर साहित्यविचाराच्या परिघाबाहेर राहिले.

अमेरिकन नायकात सामर्थ्य आणि उपरेपण एकाच वेळी नांदतात. कालिदासाच्या यक्षात ते एकामागून एक येतात. आधी महिमा, मग विरह. मराठी साहित्याने त्यांची दोन वेगवेगळ्या माणसांत वाटणी केली. या वाटणीमागे सामाजिक अंतर आहे. वेधशाळेतून आकाशाकडे पाहणारा आणि पालात वाढलेला हे एकमेकांचे वाचक नव्हते, आणि त्यांचे समीक्षकही वेगळे होते. विश्वात आपण एकटे आहोत काय, हा प्रश्न एका वर्गाला कुतूहलाचा वाटला. दुसऱ्याला तो गावाच्या वेशीवर रोज भेटत होता.

५

कोंडाण्याचे खोरे या दोन्ही परक्यांना एकत्र पाहण्याची सोय करून देते. नेरळ, कर्जत, खालापूर या पट्ट्यात कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्या आहेत. कातकऱ्यांचे नाव खैरापासून काथ पाडण्याच्या व्यवसायावरून पडले. वनांवर सरकारी निर्बंध आले तसा तो व्यवसाय सुटला, आणि कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर हंगामी कामासाठी कुटुंबेच्या कुटुंबे हलू लागली. वर्षातले काही महिने घरापासून दूर काढणे ही त्यांच्यापुरती काव्यातली कल्पना नाही. रामगिरीवरच्या यक्षाला निदान परतीची तिथी ठाऊक होती.

विज्ञानकथेने सामाजिक दुःखाची नोंद ठेवलीच पाहिजे, अशी मागणी या विवेचनातून निघत नाही. ती वाङ्मयबाह्य ठरेल. मुद्दा समीक्षेच्या निकषांचा आहे. परलोकीच्या नायकाची कथा वाचताना त्याच्या सामर्थ्याची शास्त्रीय संगती तपासणे हे अर्धे काम झाले. त्याला येथे कोणती जागा दिली गेली, त्याने काय गमावले, आणि गमावल्यावरच तो माणसांत मिसळू शकला काय, हे पाहणे हे उरलेले अर्धे. यक्षाच्या दीर्घ परंपरेने हे निकष पुरविलेले आहेत. ते आयात करण्याची गरज नाही. त्या निकषांनी 'प्रेषित' आणि 'उपरा' ही दोन शीर्षके एकमेकांशेजारी ठेवून वाचली, तर पाठविलेला आणि हाकललेला यांच्यात मराठी मनाने केलेला भेद स्पष्ट होईल, आणि तो भेद वाङ्मयप्रकारांचा कमी, स्वागताचा अधिक आहे हेही दिसेल.

कोंडाण्याच्या यक्षाचे सामर्थ्य काळाने कधीच हिरावून घेतले आहे. मूर्तीचा बराचसा भाग नष्ट झाला. तिच्याकडे कोणी काही मागत नाही. शिल्लक आहे ती बलकाने आपल्या गुरूच्या नावासह केलेली नोंद. परक्याला घडविणारा माणूस कोण, त्याचा गुरू कोण, हे त्या कारागिराला सांगावेसे वाटले. परक्याच्या कथांचा इतिहास लिहिणाऱ्यालाही शोध घ्यावा लागतो तो त्याला दारापाशी उभे करणाऱ्यांचाच.