धारूर परिसरातील पावसाच्या पाण्याचे व्यवस्थापन

धारूर परिसरातील पावसाच्या पाण्याचे व्यवस्थापन म्हणजे बीड जिल्ह्यातील धारूर शहरात व तालुक्यात पडणाऱ्या पावसाचे पाणी अडवणे, ते जमिनीत मुरवणे, वस्तीत साचू न देता त्याचा निचरा करणे आणि या कामांसाठी पैसा व श्रम उभे करणे यांची स्थानिक व्यवस्था होय. शहरी भागात ही जबाबदारी नगर परिषदेकडे, तर ग्रामीण भागात ग्रामपंचायत, ग्रामसभा आणि पाणलोट समिती यांच्याकडे आहे. नवीन कामे प्रामुख्याने केंद्र व राज्य शासनाच्या अनुदानातून होतात. त्यांच्या देखभालीचा भार मात्र स्थानिक उत्पन्नावर व लोकसहभागावर पडतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

धारूर हे बालाघाट डोंगररांगेत वसलेले आहे. या रांगेच्या उत्तर उतारावरील पाणी गोदावरीकडे जाते, तर दक्षिण उतारावरील पाणी मांजरा नदीला मिळते. माथ्यावर वसलेल्या गावांना वरून वाहून येणारे पाणी नसते. त्यांच्या शिवारात जो पाऊस पडेल, तोच त्यांचा मुख्य जलस्रोत ठरतो.

बीड जिल्ह्यातील पावसाची वार्षिक सरासरी सुमारे ६०० ते ७०० मिलिमीटर आहे. त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या महिन्यांत आणि मोजक्याच दिवसांत पडतो. जमिनीखाली काळा पाषाण (बेसाल्ट) असून उतारावरील मातीचा थर पातळ आहे. त्यामुळे जोराच्या सरीचे पाणी मुरण्याआधीच ओढ्याला लागते आणि जाताना माती घेऊन जाते. एका हेक्टरवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्याचे १ लाख लिटर पाणी होते. हे पाणी काही तासांत खाली उतरले, तर पायथ्याची शेते खरवडली जातात आणि माथ्यावरील विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडतात. या प्रदेशात अतिवृष्टी व टंचाई हे दोन्ही प्रश्न अशा रीतीने एकाच कारणाशी जोडलेले आहेत. मांजरा नदीवरील धनेगाव येथील धरण आटल्याने एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र बीडसह मराठवाड्याच्या मोठ्या भागाला अतिवृष्टी व पुराचा तडाखा बसला.

इतिहास

किल्ल्यातील जलसाठे

धारूरचा किल्ला विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वर खान याने इ.स. १५६७ च्या सुमारास बांधला. पुढे तो निजामशाहीकडे आणि १६३१ मध्ये मोगलांकडे गेला. किल्ल्याच्या तीन बाजूंना खोल दरी असून चौथ्या बाजूस खंदक आहे. अशा उंच जागी शिबंदीला लागणारे पाणी पावसापासूनच साठवणे भाग होते. सोलादीन, गोडी दिंडी आणि खारी दिंडी या नावांनी ओळखले जाणारे येथील जलसाठे या गरजेची साक्ष देतात.

दुष्काळ आणि रोजगार हमी

१९७२ च्या दुष्काळात राज्यभर रोजगार हमी योजनेची कामे सुरू झाली. या योजनेमागील कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची होती. पाझर तलाव, नाला बांध आणि शेतजमिनीची बांधबंदिस्ती ही या योजनेची प्रमुख कामे ठरली. त्यांच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लागू करण्यात आला. नोकरदार व व्यावसायिकांकडून मिळणाऱ्या या कराच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्य शासनाने योजनेत घालावी, अशी तरतूद होती. शहरातील पगारदाराच्या करातून दुष्काळी गावातील बंधारा उभा राहण्याची ही व्यवस्था पाण्याच्या कामांना स्थिर निधी मिळवून देणारी ठरली. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने मजुरी व साहित्य यांवरील खर्चाचे प्रमाण ६०:४० असे ठरवले.

पाणलोट विकास

सुटे बंधारे बांधण्याऐवजी संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा एकत्रित विचार करण्याची पद्धत १९८० नंतर रुजली. अंबाजोगाई परिसरात डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या मानवलोक या संस्थेने या दिशेने काम केले. ‘माथा ते पायथा’ हे या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे. प्रथम डोंगरमाथ्यावर सलग समतल चर खोदले जातात, त्यानंतर घळींत अनगड दगडी बांध घातले जातात आणि शेवटी खालच्या टप्प्यात माती किंवा सिमेंटचे नाला बांध बांधले जातात. हा क्रम मोडून आधी खालचा बंधारा बांधल्यास वरून आलेल्या गाळाने तो काही वर्षांतच भरतो.

कायदेशीर जबाबदारी

शहरी भाग

महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ नुसार रस्ते, मोऱ्या व गटारे बांधणे आणि ती सुस्थितीत राखणे हे नगर परिषदेचे आवश्यक कर्तव्य आहे. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई याच कर्तव्यात मोडते.

राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार (२०२०) गावठाणाबाहेरील ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नवीन बांधकामास पर्जन्यजल संकलनाची सोय करणे बंधनकारक आहे. ती न ठेवल्यास दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र लहान शहरांतील जुनी वस्ती दाट आणि भूखंड लहान असल्याने बरीचशी घरे या सक्तीबाहेर राहतात. १०० चौरस मीटरच्या छपरावर ६५० मिलिमीटर पावसात ६५,००० लिटर पाणी पडते, हे लक्षात घेता अशा घरांनी स्वेच्छेने केलेल्या सोयीलाही महत्त्व आहे.

ग्रामीण भाग

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावातील गटारे व पाणीपुरवठा यांची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे येते. केंद्राच्या २००८ च्या सामायिक मार्गदर्शक सूचनांनुसार पाणलोट प्रकल्पासाठी ग्रामसभा पाणलोट समिती निवडते. या समितीत किमान १० सदस्य असतात. बचत गट, उपभोक्ता गट, अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि भूमिहीन यांना मिळून निम्मे प्रतिनिधित्व असते. पाणी अडवल्याचा थेट लाभ जमीनधारकाला होत असल्याने भूमिहीनांचा आवाज समितीत असणे हा या तरतुदीचा हेतू आहे.

निधीचे स्रोत

• स्थानिक कर: शहरात मालमत्ता कर, गावात घरपट्टी, आरोग्य कर व पाणीपट्टी. गटारांची सफाई आणि किरकोळ दुरुस्ती प्रामुख्याने यातून होते.

• वित्त आयोगाचे अनुदान: पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के भाग बंधित ठेवला. त्यातील निम्मा भाग स्वच्छतेसाठी, तर निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी आहे. महाराष्ट्रात ग्रामीण अनुदानातील ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना मिळतो.

• राज्याच्या योजना: शहरांसाठी नगरोत्थान महाभियान, गावांसाठी जलयुक्त शिवार अभियान. नगरोत्थानमध्ये स्थानिक संस्थेलाही खर्चाचा हिस्सा उचलावा लागतो.

• रोजगार हमी: चर, बांध व शेततळी यांच्या मजुरीचा खर्च.

• आपत्ती निधी: राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन निधीतील २० टक्के भाग आपत्ती टाळण्याच्या वा सौम्य करण्याच्या कामांसाठी राखीव असतो.

• लोकवाटा: २००८ च्या सूचनांनुसार खासगी जमिनीवरील मृद व जलसंधारण कामाच्या खर्चाचा १० टक्के वाटा लाभधारकाने द्यावयाचा असतो. अनुसूचित जाती-जमातीचे तसेच अल्प व अत्यल्प भूधारक शेतकरी यांच्यासाठी तो ५ टक्के आहे. ही रक्कम पाणलोट विकास निधीत जमा होऊन प्रकल्प संपल्यानंतरच्या देखभालीसाठी वापरली जाते.

लोकसहभाग

पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये सत्यमेव जयते वॉटर कप ही गावांची जलसंधारण स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुक्यांत बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचा समावेश होता. २०१७ मध्ये स्पर्धेची व्याप्ती ३० तालुक्यांपर्यंत वाढली आणि त्यांत धारूर व केज हे तालुके आले. सहभागासाठी ग्रामसभेचा ठराव आणि निवडक गावकऱ्यांचे प्रशिक्षण आवश्यक होते. श्रमदानाला स्वतंत्र गुण असल्याने केवळ यंत्रे लावून गावाला पुढे जाता येत नसे. यंत्रे मिळाली, तरी त्यांच्या इंधनाचा प्रश्न उरे. तो वर्गणी, देणग्या व शासकीय मदत यांतून सोडवावा लागे.

२०१७ व २०१८ मध्ये ही स्पर्धा ८ एप्रिल ते २२ मे या काळात झाली. धारूर तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. श्रमदानासाठी पुरेसे हात गावात उपलब्ध असण्याचा काळ म्हणूनच मर्यादित असतो. हातावर पोट असलेल्या मजुराच्या दृष्टीने श्रमदानाचा दिवस हा बुडालेल्या मजुरीचा दिवस असतो. त्याचा लाभ प्रथम जमीनधारकाच्या विहिरीला मिळत असल्याने लाभाच्या न्याय्य वाटपाचा प्रश्न श्रमदानाच्या प्रत्येक मोहिमेत उपस्थित होतो.

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना (२०१७) खर्चाच्या विभागणीचे वेगळे उदाहरण आहे. तिच्या मूळ स्वरूपात तलावातील गाळ काढणाऱ्या यंत्राचा व इंधनाचा खर्च शासन आणि दानशूर संस्था यांनी, तर गाळ शेतापर्यंत नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करावयाचा होता. तलावाची साठवणक्षमता वाढते आणि हलक्या जमिनीला सुपीक माती मिळते, असा तिचा दुहेरी उपयोग आहे.

देखभाल व मर्यादा

बंधाऱ्याचे उद्घाटन होते, पण त्यातील गाळ काढण्यासाठी वेगळे अनुदान सहसा नसते, ही या क्षेत्रातील मुख्य अडचण आहे. समतल चर काही पावसाळ्यांत बुजू लागतात, दगडी बांध ढासळतात आणि सांडवा फुटलेला माती बांध पुढच्या जोराच्या पावसात खालच्या शेतालाच धोका ठरतो. शहरात नाल्यावरील अतिक्रमण आणि गटारात टाकला जाणारा कचरा यांमुळे बांधलेल्या गटाराची वहनक्षमता घटते.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले. भूजल पातळी वाढवण्यात त्याला अल्प यश आल्याचा निष्कर्ष भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात नोंदवला. अभियानाचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. अडवलेल्या पाण्याच्या वापरावर मर्यादा नसल्यास नवीन कूपनलिका ते पाणी उपसून घेतात, हाही अनुभव आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि उपलब्ध पाण्यानुसार पिके ठरवते. बांधकामाबरोबर वापराचाही नियम असला, तर काम टिकते, याचे ते उदाहरण मानले जाते.

अन्यत्र

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडल्यानंतर पर्जन्य जलवाहिन्यांच्या सुधारणेसाठी केंद्राने २००७ मध्ये १,२०० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली. एवढी आर्थिक क्षमता किंवा पाठबळ लहान नगर परिषदांकडे नसते.

अमेरिकेतील बेलव्ह्यू शहराने १९७४ मध्ये पावसाच्या पाण्यासाठी स्वतंत्र सेवा व शुल्क सुरू केले. जर्मनीतील अनेक शहरांत सांडपाण्याचे आणि पावसाच्या पाण्याचे शुल्क वेगवेगळे आकारले जाते. काँक्रीट वा छपराखाली गेलेले, पाणी मुरू न देणारे क्षेत्र जितके जास्त, तितके शुल्क अधिक, असे त्याचे तत्त्व आहे. पाणी आपल्याच जागेत मुरवणाऱ्याला सवलत मिळते. जमा झालेली रक्कम याच कामासाठी राखली जात असल्याने गटारांच्या व तलावांच्या देखभालीस दरवर्षी निश्चित निधी उपलब्ध होतो.

हेही पहा

• धारूर किल्ला
• बालाघाट डोंगररांग
• पाणलोट क्षेत्र विकास
• रोजगार हमी योजना
• जलयुक्त शिवार अभियान